पंचेचाळिशीतली तपासणी
अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या मराठी घरांत पंचेचाळिशी आली की डॉक्टर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुचवतात. पूर्वी हे वय ५० होतं. तरुणांत हा आजार वाढू लागल्याने अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये ते ४५ वर आणलं. आतड्यात आधी पॉलिप नावाचा छोटा मांसल उंचवटा येतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि सगळ्याच पॉलिपचा होतही नाही. कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं तपासताना, तो दिसला की तिथेच काढून टाकतात. म्हणजे ही तपासणी आजार नुसता शोधत नाही, बऱ्याचदा होऊच देत नाही. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यामुळे बहुतेक खासगी विम्यांत तिचा खर्च धरलेला असतो.

पण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचं काय? त्यांच्या प्रवासविम्यात अशा तपासण्या सहसा बसत नाहीत. मुलाची तपासणी वेळेवर होते, आईची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची तपासणी, मात्र राहून जाते. हे मला फार लागतं. तिकीट काढण्याआधीच त्यांच्या तपासण्या भारतात करून घ्या. आणि इथे आल्यावर स्तनात गाठ लागली किंवा शौचातून रक्त गेलं, तर परतीच्या तारखेची वाट पाहू नका.