गाडी कितीला सुटते?

नववी 'अ'च्या दाराबाहेर मी उभा आहे. काखेत तक्त्याची गुंडाळी, खिशात तीन रंगांचे खडू, हातात पाठ टाचणाची वही. वहीच्या पुठ्ठ्यावर घामाने बोटं उमटली आहेत. आत गणिताचा तास संपत आलाय. शिपाई मामा लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला देतात आणि गणिताचे सर बाहेर येता येता माझ्या खांद्यावर हात टेकवतात. "जावा. पोरं चांगली आहेत. फक्त बोलत नाहीत."

बोलत नाहीत, हीच तर धास्ती आहे. माझी मेथड इंग्रजी. भाषेचा तास आणि वर्ग गप्प, याहून वाईट काय असणार?

गडहिंग्लजमधली ही मराठी माध्यमाची शाळा. मी शिवाजी विद्यापीठाच्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचा छात्राध्यापक आणि सध्या आमची आंतरवासिता चालू आहे. 2015 साली बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, त्यामुळे शाळेतले आठवडे पुष्कळ वाढले. उशीर होतो, घरचे विचारतात अजून किती, हे सगळं खरं. पण शाळेत येऊन तिसरा आठवडा उलटल्यावर मला वाटतं, हे आठवडे होते म्हणून बरं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम माझ्याआधीच आत जाऊन शेवटच्या बाकावर बसतात. मांडीवर निरीक्षण तक्ता. शेजारी माझे दोन सहाध्यायी, त्यांच्याही हातात तक्ते. मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, इयत्ता, विषय, पट लिहितो. पट त्रेचाळीस, हजर एकोणचाळीस. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे. अंगणातल्या चिंचेची सावली तिसऱ्या खिडकीपर्यंत आली आहे.

"गुड आफ्टरनून, सर!" सगळे एका सुरात ओरडतात. एवढं इंग्रजी पाठ आहे. यापुढे शांतता.

पहिल्या वर्षी कॉलेजात सूक्ष्म अध्यापन झालं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं एक चक्र आणि एका चक्रात एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, नाहीतर फलकलेखन, नाहीतर प्रबलन. 1963च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. तिने मला वर्गाकडे पाठ न करता लिहायला शिकवलं, हे उपकार मी विसरणार नाही. पण तिथे समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सगळे आमच्यातलेच, बी.ए. झालेले. प्रश्न विचारला की दहा हात वर. इथे एकोणचाळीस जण माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघतायत.

मी तक्ता उलगडून खिळ्याला अडकवतो. एसटीचं वेळापत्रक. आजरा, नेसरी, हलकर्णी, संकेश्वर. लाल स्केचपेनने रात्री साडेअकरापर्यंत बसून रंगवलंय.

याच्यामागे एक वाचन आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूरु आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: आगगाडीचं वेळापत्रक बघा, नकाशा वाचा, आकडेमोड करा. डोकं अर्थाशी झुंजत असलं की भाषा मागून येते, हे त्यांचं म्हणणं. आज जगभर 'टास्क' म्हणून जे शिकवलं जातं त्याचा एक मोठा उगम आपल्याकडच्या गरीब वर्गांत आहे, आणि आमच्या नोट्समध्ये त्याला जेमतेम चार ओळी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा तक्ता.

मी चिठ्ठ्या वाटतो. बाकावरच्या डावीकडच्याला 'अ' चिठ्ठी, उजवीकडच्याला 'ब'. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे कोरं. बघायचं नाही, विचारायचं. इंग्रजीतून. फळ्यावर प्रश्न लिहून ठेवलाय, 'व्हॉट टाइम डझ द बस लीव्ह?'

या 'डझ'पाशी सगळे अडतात. मीही अडलो होतो. मराठीत असलं काही नाहीच. 'गाडी कितीला सुटते' म्हटलं की झालं, क्रियापद आपल्या जागेवर शेवटी बसून राहतं, मध्ये कुणी उपरा शिरत नाही. म्हणून आपली मुलं 'व्हॉट टाइम द बस लीव्ज?' म्हणतात, आणि त्यात त्यांचा आळस नसतो, त्यांच्या भाषेचं वळण असतं. मी फळ्यावर निळ्या खडूने 'लीव्ज'ची शेपटी गोल करतो आणि मराठीत सांगतो, "प्रश्न आला की 'डू' धावत येतो आणि ही शेपटी स्वतःला लावून घेतो. मग क्रियापद मोकळं." दोन-तीन जण मान हलवतात. टाचणात मी मराठी वापरीन असं लिहिलेलं नाही. मॅडम काहीतरी टिपून घेतात.

कुजबुज सुरू होते. कामाला लागलेल्या वर्गाची कुजबुज वेगळी असते, माठात पाणी भरताना सूर चढत जातो तशी. मी बाकांमधून फिरतो. "हलकर्णी बस?" "फाय थर्टी." "हां, लिव." दोघांच्या माना खाली. 'डझ'चा पत्ता नाही. पण काम चाललंय. दुरुस्त करायला तोंड उघडतो आणि मिटतो.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहते. दोन वेण्या, लाल फिती, अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा पास प्लास्टिकच्या पाकिटात कंपासपेटीला अडकवलेला. "सर, नेसरीची ही साडेपाचची गाडी आता न्हाई."

माझ्या पोटात गोळा येतो. बारावीला असताना मी इथल्याच एसटी स्टँडवरून रोज जायचो, वेळा तोंडपाठ होत्या, म्हणून विचारायला गेलो नाही. सहा वर्षांपूर्वीचं वेळापत्रक मी लाल रंगात रंगवून आणलंय. शेवटच्या बाकावर तिन्ही पेनं थांबली आहेत.

"इन इंग्लिश, प्लीज," मी म्हणतो. मला आत कुठेतरी वेळ काढायचा आहे.

ती फळ्याकडे बघते. छताकडे बघते. वर्ग गप्प. मला बोलायचंय, तिचं वाक्य तिच्या तोंडात घालायचंय. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. परीक्षेत मी हे दहा मार्कांना लिहिलंय. तीन सेकंद किती लांब असतात ते आज कळतंय. एक. मागे कुणीतरी पेन्सिल पाडतं. दोन. तीन. चार.

"सर, धिस बस... नो. नॉट कमिंग. नाऊ सिक्स फिफ्टीन."

माझ्या तीन आठवड्यांत या वर्गातून आलेलं हे पहिलं वाक्य, जे पुस्तकात नाही, फळ्यावर नाही, माझ्याकडून घेतलेलं नाही. तिला काही माहीत आहे, मला माहीत नाही, आणि ती मला सांगते आहे. तिच्या वाक्याला मी हात लावत नाही. फक्त विचारतो, "ओह! सो व्हॉट टाइम डझ इट लीव्ह नाऊ?"

"इट... लीव्ज ॲट सिक्स फिफ्टीन."

"नो सर! सिक्स ट्वेंटी!" उजवीकडून एक मुलगा उभाच राहतो.

"सिक्स फिफ्टीन! आय गो डेली!"

आणि बांध फुटतो. संकेश्वरची बरोबर आहे, "करेक्ट सर, माय मामा कम." आजऱ्याची एक राहिली आहे. हलकर्णीकडची एक मुलगी, जिच्या घरी कन्नड बोलतात असं मला गणिताच्या सरांनी सांगितलं होतं आणि जिचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही, ती बसूनच म्हणते, "सर, टू बस. वन लीव्ज फाइव्ह, वन लीव्ज सेव्हन." शेपट्या लागतायत, गळतायत, पुन्हा लागतायत. मी खडू दोन वेण्यांच्या मुलीच्या हातात देतो. ती तक्त्याशेजारी फळ्यावर नवं वेळापत्रक मांडू लागते आणि वर्ग तिला इंग्रजीतून सांगू लागतो. मी खिडकीला टेकून उभा राहतो. टाचणात या जागेला 'विद्यार्थी कृती: विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' असं लिहिलंय.

सात मिनिटं उरली आहेत. टाचण डोक्यात टोचतं. पुढचा मुद्दा: उद्या. मी फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात लिहितो, 'टुमॉरो द बस विल लीव्ह ॲट...'

"सर." शेवटून दुसरा बाक, मॅडमच्या अगदी पुढ्यात. "उद्याची गाडीबी सव्वासहालाच सुटती की. मग विल कशाला?"

मी फळ्याकडे बघतो. उद्याची गाडी सव्वासहाला सुटते. खरंच की. 'सुटेल' असं स्टँडवर कोण म्हणतं? ठरलेल्या वेळेला मराठीत वर्तमानकाळ चालतो, आज, उद्या, पुढच्या सोमवारी. आणि इंग्रजीतही तसाच चालतो. 'द बस लीव्ज टुमॉरो ॲट सिक्स फिफ्टीन.' दोन्ही भाषा इथे एकाच वाटेने जातात, आणि ती वाट या मुलाच्या पायाखालचीच आहे. बी.ए.ला इंग्रजी घेऊन, काळांचे सगळे तक्ते घोकून मला हे कधी दिसलं नव्हतं. 'विल' चुकीचं नाही, पण इथे त्याची गरज नाही.

"यू आर राइट," मी म्हणतो आणि डस्टरने 'विल' पुसतो. 'लीव्ह'ला शेपटी लावायला त्यालाच बोलावतो.

वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे, पानं तपकिरी झालेली. वडिलांना इंग्रजी पाचवीपासून होतं, मला पहिलीपासून. 2000 साली महाराष्ट्रात ते पहिलीत आलं, त्यानंतरच्या पिढीतला मी. भाषांतर पद्धत टाकाऊ, असं आम्ही पहिल्याच सत्रात शिकलो. पण एक भाषा दुसरीशेजारी ठेवून बघायची तिची सवय टाकाऊ नाही, हे मला आज या पोराने दाखवलं.

टोला पडतो. स्वाध्याय द्यायचा राहून जातो.

प्रत्याभरण चिंचेखालच्या पारावर होतं. मॅडम तक्ता वाचतात. हेतुकथन झालं नाही. फलकलेखन तिरकं. शैक्षणिक साधनात माहिती जुनी, ही गंभीर चूक. स्वाध्याय नाही. मी प्रत्येकाला मान डोलावतो, कारण प्रत्येक खरं आहे. मग त्या चष्मा काढतात. "वर्ग अकरा मिनिटं बोलत होता आणि तू गप्प होतास. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" मला उत्तर सुचत नाही. त्याही उत्तराची वाट बघत नाहीत. तक्त्याच्या समासात, उभ्या ओळीत, काहीतरी लिहितात. "उद्या 'ब'ला हाच पाठ. टाचण नव्याने काढ. आणि मध्ये जागा मोकळी सोड."

संध्याकाळी मी स्टँडवर आहे. चौकशीच्या खिडकीपाशी वही काढून उभा. एकेक वेळ विचारतो, लिहितो, पुन्हा वाचून दाखवतो. सव्वासहाची नेसरी फलाटाला लागली आहे. दोन वेण्या खिडकीशी बसल्या आहेत. 'विल'वाला पोरगा आजीबरोबर बाकड्यावर, मांडीत बाजाराची पिशवी. माझ्या वहीत मान घालून तो रकाने वाचतो.

"सर, आमच्या वाडीची ऱ्हायली."

"व्हॉट टाइम डझ इट लीव्ह?"

तो विचार करतो. मी थांबतो. मग तो आजीकडे वळतो. "आज्जे, आपली गाडी कितीला सुटती गं?"

"सातला," आजी पदर सावरत म्हणते. "पर आयतवारी न्हाई."

पोरगा माझ्याकडे वळतो. ओठ हलतात, बोटं पिशवीच्या बंदाशी खेळतात. "इट लीव्ज ॲट सेव्हन, सर. ऑन संडे... नो लीव्ज."

मी पट्टी घेतो आणि तक्त्यात एक रकाना वाढवतो: वार.