चिखलाच्या गोळ्यालाही सौंदर्याची रिबन

पोकेमॉनच्या दुनियेत मक नावाचा एक प्राणी आहे. प्राणी कसला, चालताफिरता गाळच तो: जांभळट, ओघळणारा, जाईल तिथे दुर्गंधी सोडणारा. २१ नोव्हेंबर २००२ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘पोकेमॉन सफायर’ हे जोडखेळ आले, तेव्हा या मकला ‘कॉन्टेस्ट’ नावाच्या सौंदर्यस्पर्धेत उतरायची मुभा मिळाली. खेळणाऱ्याने पुरेशी मेहनत घेतली तर मक ती स्पर्धा जिंकूही शकत होता. त्याच्या दिसण्यापायी परीक्षक एक गुणही कापत नव्हते. ही खेळ रचणाऱ्यांची निव्वळ गंमत म्हणून सोडून देता येईल, पण मला ती तशी वाटत नाही. ज्या मालिकेत प्राण्याचं मोल बरंचसं जन्माच्या वेळीच ठरतं, तिच्यात ही स्पर्धा म्हणजे जन्माला जवळजवळ काहीच किंमत नसलेली जागा होती. पुढच्या वीस वर्षांत ही जागा दिसायला अधिकाधिक देखणी होत गेली आणि तिच्यातलं हे वेगळेपण मात्र झिजत गेलं.

आधी बाकीच्या खेळाचा रिवाज पाहू. लढाईत प्रत्येक पोकेमॉनची पत्रिका आधीच मांडलेली असते. तो रानात सापडतो किंवा त्याचं अंडं मिळतं, तेव्हाच त्याचे सहा आकडे ठरतात. मार सोसण्याची ताकद, हल्ला, बचाव, खास हल्ला, खास बचाव आणि वेग यांसाठी ० ते ३१ पैकी एकेक आकडा. पडद्यावर ते कुठेही लिहिलेले नसतात, पण सारखीच तालीम दिलेल्या दोन सारख्या पोकेमॉनमध्ये कोण सरस ठरणार, हे त्यांच्यावर अवलंबून असतं. म्हणून स्पर्धात्मक लढाईच्या मागे लागलेले खेळाडू अंड्यांमागून अंडी उबवतात, हवे ते आकडे घेऊन आलेलं एखादं पिल्लू ठेवतात आणि बाकीची सोडून देतात. कॉन्टेस्टमध्ये या सहा आकड्यांना कोणी विचारत नाही. पोकेमॉन किती लेव्हलचा आहे, तेही कोणी पाहत नाही. तिथे मोजायचे गुण निराळेच असतात: रुबाब, सौंदर्य, गोंडसपणा, चतुराई आणि कणखरपणा. प्रत्येक गुणाचा स्पर्धेत एक वेगळा गट. रानात पकडलेल्या कुठल्याही पोकेमॉनच्या अंगी हे पाचही गुण सुरुवातीला शून्य असतात, मग तो राजबिंडा असो की चिखलाचा गोळा.

शून्यावरून वर चढायचं ते खाऊ घालून. होएन नावाच्या या प्रदेशात (त्याचा नकाशा जपानच्या क्यूशू बेटावर बेतला आहे) ठिकठिकाणी मऊ मातीचे वाफे आहेत. त्यांत बेरी लावायच्या, त्यांना पाणी घालायचं आणि वाट पाहायची. वाट खरोखरच पाहावी लागते, कारण खेळाच्या कार्ट्रिजमध्ये घड्याळ आहे आणि झाड काही तासांनी, काही जातींचं तर काही दिवसांनी फळतं. (रुबी-सफायरच्या सुरुवातीच्या प्रतींत या घड्याळाच्या हिशेबात एक दोष होता. साधारण वर्ष उलटलं की बेरींची वाढच थांबायची.) मग त्या बेरी ब्लेंडरमध्ये घालून पोकेब्लॉक नावाच्या वड्या करायच्या. तिखट चवीने रुबाब वाढतो, तुरट चवीने सौंदर्य, गोडाने गोंडसपणा, कडूने चतुराई आणि आंबटाने कणखरपणा. ब्लेंडरभोवती चौघांना बसता येतं. प्रत्येकाने वेगळी बेरी घातली तर वडी चांगली होते आणि दोघांनी एकच बेरी टाकली तर ती काळी पडते. यात एक मेख आहे. प्रत्येक वडीने पोकेमॉनच्या अंगाची तुकतुकीही वाढते आणि तिची मर्यादा २५५. ती गाठली की तो आणखी एक वडीही खात नाही. भरड वड्या चारून पोट भरलं, तर सौंदर्य अर्ध्यावर राहिलं म्हणून पुन्हा सुरुवात करता येत नाही. मुलायम वडी हवी असेल तर सोबत ब्लेंडर फिरवणारे जास्त हवेत. एकट्याने घाई केली तर ती अंगाशी येते.

पहिली फेरी ही या जोपासनेची. चार स्पर्धक प्रेक्षकांसमोर नुसते उभे राहतात आणि त्या गटाचा गुण, थोडी तुकतुकी आणि गळ्यातला साजेसा स्कार्फ यांवर टाळ्या मिळतात. खरी कसोटी दुसऱ्या फेरीत. तिथे पाच वेळा सादरीकरण करायचं असतं आणि लढाईतल्याच मूव्ह, म्हणजे डाव, इथे प्रेक्षकांसमोर करून दाखवायच्या असतात. गुण पडद्यावर छोट्या बदामांनी दाखवतात. जो या खेपेला जास्त बदाम मिळवतो, तो पुढच्या खेपेला सगळ्यात आधी उभा राहतो. हा मान वाटतो, पण तोच अडचणीचा ठरतो. कित्येक मूव्ह आधी सादर करून गेलेल्यांना दचकवतात आणि त्यांनी मिळवलेले बदाम काढून घेतात, म्हणजे पुढे गेलेला बाकी तिघांच्या टप्प्यात येतो, तर शेवटच्याला दचकवायला मागे कोणी उरतच नाही. गटाला शोभणारी मूव्ह केली की प्रेक्षकांचा उत्साह एक पायरी चढतो, न शोभणारी केली की उतरतो. पाचवी पायरी ज्याच्या मूव्हने भरते, त्याला जास्तीचे बदाम. त्यामुळे दुसऱ्यांनी चार पायऱ्या चढवून दिलेला उत्साह ऐन वेळी आपल्या पदरात पाडून घेता येतो. तीच मूव्ह लागोपाठ केली की परीक्षक कंटाळतो. काही जोड्या मात्र त्याला आवडतात: आधी कडक ऊन पाडायचं आणि मग सूर्यकिरणांचा झोत सोडायचा, किंवा आधी गाढ झोपायचं आणि पुढच्या खेपेला घोरायचं. जोडीतली पहिली मूव्ह झाली की परीक्षक उत्सुकतेने पाहू लागतो, आणि नेमकं तेव्हाच मागून कोणी त्याचं लक्ष दुसरीकडे वळवलं तर सगळी तयारी पाण्यात.

लढाईतली किंमत इथे कशी उलटीपालटी होते, तेही पाहण्यासारखं आहे. मॅजिकार्प नावाच्या माशाची स्प्लॅश ही मूव्ह लढाईत काहीही करत नाही. मासा नुसता फडफडतो आणि तसं पडद्यावर लिहूनही येतं. कॉन्टेस्टमध्ये त्याच फडफडण्याला गोंडसपणाचे बदाम मिळतात. एक्स्प्लोजन ही मूव्ह लढाईत करणाऱ्यालाच गारद करते. इथे ती सौंदर्य गटात येते, एका दमात आठ बदाम देते आणि मग करणाऱ्याला पुढच्या खेपांत काहीच सादर करता येत नाही. एकच मूव्ह दोन ठिकाणी इतक्या वेगळ्या मापाने मोजायची, हे काम वरवर केलेलं नाही. शेकडो मूव्हचा हा दुसरा हिशेब कोणीतरी बसून मांडला आहे.

खऱ्या प्राण्यांच्या सौंदर्यस्पर्धा कशा चालतात, ते पाहिलं की या रचनेचं वेगळेपण कळतं. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला पहिलं मोठं कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८९१ पासून क्रफ्ट्सचं प्रदर्शन सुरू झालं. त्या स्पर्धांत कुत्रा जातीच्या ठरवून दिलेल्या मापांत किती चपखल बसतो, ते पाहतात. मापात न बसणारा जन्मतःच बाद, आणि मापात बसवण्याच्या नादात पिढ्यान्‌पिढ्या पैदास इतकी ओढली गेली की पग आणि बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना श्वास घेणंही जड झालं. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने हे चव्हाट्यावर आणलं. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं आणि केनेल क्लबला जातींची मापं बदलावी लागली. जपानमध्येही रंगीत कोई माशांची मोठी परंपरा आहे. निइगाता भागातल्या डोंगराळ गावांत ती जोपासली गेली आणि १९१४ च्या तोक्योतल्या प्रदर्शनानंतर देशभर पसरली. त्या माशांमध्ये शरीराचा बांधा, रंग आणि नक्षी पाहतात, आणि पिल्लांची निवड इतकी कठोर असते की त्यांतली बहुतेक लहानपणीच वगळली जातात.

आता होएनमधला फीबस पाहा. मळकट, फाटक्या परांचा, लढाईत जवळजवळ निरुपयोगी मासा. एका लांबलचक नदीच्या फक्त सहा चौकटींत तो गळाला लागतो, आणि त्या चौकटी बदलतात त्याही ड्यूफर्ड गावात कोणता शब्दप्रयोग सध्या चलनात आहे, त्यानुसार. फॅशन बदलली की माशाचं घर बदलतं! कोई जोपासणाऱ्याने हा मासा पहिल्याच निवडीत वगळला असता. पण त्याला तुरट वड्या चारून सौंदर्य १७० पर्यंत नेलं आणि मग एक लेव्हल वाढवली, की त्याचा मिलोटिक होतो, मालिकेतला सर्वांत डौलदार समजला जाणारा जलचर. फीबसच्या मूळ आकड्यांची बेरीज २०० असते, मिलोटिकची ५४०. सौंदर्य हे जोपासनेचं फळ आहे, ही गोष्ट इथे थेट खेळाच्या नियमातच बसवली आहे.

यावर आक्षेप घेता येतील, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा, की जन्माचा प्रभाव कॉन्टेस्टमध्येही उरतोच. प्रत्येक पोकेमॉनचा एक स्वभाव असतो, एकूण २५ पैकी एक. त्यावर त्याला कोणती चव आवडते ते ठरतं आणि आवडीच्या चवीचा गुण थोडा जास्त लागतो. शिवाय कोणाला कोणत्या मूव्ह शिकता येतात, हे त्याच्या जातीवर असतं. मॅजिकार्पकडे त्या मोजक्याच. हे मान्य करायला हवं. पण स्वभाव जिंकायची सीमा ठरवत नाही, तो फक्त कोणता वाफा लावायचा ते सुचवतो. तुरट न आवडणारा पोकेमॉन सौंदर्य गटात अडला, तर रुबाब गटात त्याच्यासाठी दार उघडं असतं. मक तर आग ओकणाऱ्या मूव्ह शिकतो आणि त्या मूव्ह सौंदर्य गटात मोडतात. दुसरा आक्षेप असा, की लढाईतही मेहनतीला जागा आहे. कोणत्या शत्रूंना हरवलं त्यावरून तालमीचे गुण मिळतात, आणि २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’पासून तर बाटलीचं बूच देऊन जन्माचे आकडे पूर्ण असल्यासारखे मोजून घेता येतात. खरं आहे. पण त्या सोयीसाठी आधी शंभराव्या लेव्हलपर्यंत जावं लागत होतं, आणि मुळात जन्माच्या उणिवेवर उतारा म्हणूनच ती सोय द्यावी लागली. कॉन्टेस्टला असला उतारा कधी लागला नाही.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सौंदर्य २५५ पैकी मोजणं हेच मुळात हास्यास्पद. असेल. पण कुत्र्याच्या प्रदर्शनातही माप असतंच, फरक फक्त कशाचं माप घेतलं जातं याचा. होएनमधला आकडा प्राण्याच्या जबड्याचा नसून पालकाने किती बेरी पिकवल्या आणि किती काळजीने दळल्या, याचा असतो. शिवाय हा आकडा मोठा असून भागत नाही, दुसऱ्या फेरीत डोकं चालवावंच लागतं. राहिला तो नेहमीचा शेरा, की हे सगळं मुलींसाठी टाकलेलं तोंडीलावणं आहे. टीव्हीवरच्या मालिकेत मे आणि डॉन या मुली कॉन्टेस्टकडे वळल्या, म्हणून तो शेरा पक्का झाला असावा. पण त्याच मालिकेत मेचा प्रतिस्पर्धी ड्रू आहे, आणि २००४ च्या ‘एमरल्ड’मध्ये तर होएनच्या साऱ्या ट्रेनरांचा चॅम्पियन म्हणून बसवला आहे तो वॉलेस: पाण्याच्या पोकेमॉनचा, डौलाचा भोक्ता आणि मिलोटिक पाळणारा. त्याला हरवल्याशिवाय मूळ कथा पुरी होत नाही.

पुढे मात्र गणित फिरलं. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये हार्थहोम शहरातल्या सभागृहात सगळं एकवटलं. पोकेमॉनला मिनिटभरात सजवायची एक फेरी आली आणि तालावर नाचायची दुसरी. सादरीकरणाची फेरी राहिली, पण आता ती तीन भागांपैकी एक होती आणि तिच्यात तीन परीक्षकांपैकी कोणापुढे उभं राहायचं, हा नवा पेच आला. तो चांगला होता, हे कबूल. २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये कॉन्टेस्टच नाही, त्यामुळे फीबसला मोठं करायला वड्यांऐवजी एक खवला आणि अदलाबदल लागू लागली. जोपासनेची जागा वस्तूने घेतली. बरोबर बारा वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०१४ रोजी, ‘ओमेगा रुबी’ आणि ‘अल्फा सफायर’मध्ये होएनची कॉन्टेस्ट परत आली ती झगमगाट घेऊन: लिसिया नावाची तारका, पाच पोशाखांची पिकाचू आणि ऐन भरात मेगा रूप धारण करायची सोय. हे मेगा रूप मोजक्याच जातींना मिळतं, म्हणजे रंगमंचावर जन्म मागच्या दाराने परत आला. २०२१ च्या ‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’मध्ये दुसरी फेरी बहुतांशी तालावर बटण दाबण्याची झाली आणि मूव्ह एकदाच वापरायची. हे खेळायला सोपं आहे आणि बघायला सुंदर. पण त्यात पारख होते ती खेळाडूच्या बोटांची. कोणाच्या मागे उभं राहायचं, कोणाचा उत्साह पळवायचा, कधी झोपायचं आणि कधी घोरायचं, हे ठरवण्याचं काम संपलं.

आणि फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’मध्ये २०२३ पासून शोकेस सुरू झाल्या, तेव्हा तर फेरीही उरली नाही. ठरलेल्या जातीचा आपल्याकडचा पोकेमॉन नोंदवायचा, आणि आकाराने सर्वांत मोठा तो पहिला. आकार पकडतानाच ठरलेला असतो. कितीही बेरी चारल्या तरी तो बदलत नाही. त्यामुळे या स्पर्धेत खेळाडूच्या हाती एकच काम राहतं: त्याच जातीचे आणखी पकडत राहायचे, आणि जे आकाराने कमी भरतील ते खेळातल्या प्राध्यापकांकडे पाठवून त्यांच्या बदल्यात कँडी घ्यायची.