खोकला, एक्स-रे आणि गोळ्यांची पिशवी

औषधानं फुप्फुस बिघडतं ते फक्त कॅन्सरच्या जहाल औषधांनी, असा समज आहे. तो अगदीच खोटा नाही. ब्लिओमायसिन हे असंच एक कॅन्सरचं औषध; ते निष्प्रभ करणारं एन्झाइम नेमकं फुप्फुसात आणि त्वचेत तुटपुंजं असतं. १९९६ साली सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला वृषणाचा कॅन्सर झाला, तेव्हा फुप्फुसं जपायची म्हणून डॉक्टरांनी हेच औषध टाळलं.

पण नायट्रोफ्युरँटॉइन? लघवीच्या जंतुसंसर्गावरची ही साधी गोळी. क्वचित एखादीला पहिल्या काही दिवसांतच ताप, खोकला, धाप सुरू होते. संसर्ग उलटू नये म्हणून महिनोन्महिने गोळी घेणाऱ्या एखादीचं फुप्फुस मात्र हळूहळू, कुरबूर न करता घट्ट होत जातं.

‘इतके दिवस सोसली, आता काय होणार?’ हा त्याहून चिवट गैरसमज. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन चरबीत मुरतं, फुप्फुसातही साठतं. त्याचा अंगातला साठा निम्मा व्हायलाच साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे त्रास कित्येक महिन्यांनी उगवू शकतो आणि गोळी थांबवली तरी लगेच हटत नाही.

झाडपाल्यानं तरी अपाय होत नसेल? तैवानमध्ये १९९४-९५च्या सुमारास वजन उतरवण्यासाठी एका झुडपाच्या कच्च्या पानांचा रस पिण्याची टूम निघाली. केरळात त्याला चेकुरमानिस म्हणतात. मलेशियात तीच पानं शिजवून भाजी करतात. रस पिणाऱ्या दोनशेहून अधिक जणांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या. काहींना फुप्फुसाचं प्रत्यारोपण करावं लागलं.

औषधानं झालेला फुप्फुसाचा आजार ठामपणे सांगणारी एकही तपासणी नाही. एक्स-रेवरचे डाग न्यूमोनियासारखे दिसतात, आपल्याकडे टीबीचीही शंका येते. म्हणून जाणता डॉक्टर गोळ्यांची सगळी पिशवीच मागवतो. त्यात चूर्ण, काढेही आले.

उलट, खोकला आला की फुप्फुस गेलंच असंही नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. फुप्फुस शाबूत असतं. ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन साचून घसा खवखवतो, इतकंच. मनानं गोळी सोडली तर रक्तदाब उसळतो. डॉक्टर टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देतात आणि खोकला बहुधा काही आठवड्यांत थांबतो.