आठ हजारांत मोटारींतलें गाणें

मोटार जुनी झाली म्हणजे तिचा कोणता अवयव प्रथम रुसेल याचा नेम नसतो. आमची मोटार सतरा वर्षांची. इंजिन अजून निमूटपणें आपलें काम करतें, परंतु गेल्या आषाढांत तिच्यांतील स्टीरिओ एकाएकीं मुका झाला. दुसऱ्या एखाद्या घरीं ही गोष्ट आठ-पंधरा दिवस कोणाच्या ध्यानांतहि आली नसती. आमच्या घरीं ती त्याच दिवशीं जाणवली; आणि तिची तड लावतांना मला जें कांहीं शिकावें लागलें, तें आमच्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

आम्ही कळंब्यास राहतों. एके काळीं कोल्हापूर शहराची तहान भागविणारा कळंबा तलाव आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे, आणि संध्याकाळीं त्याच्या बांधावर फिरावयास जाणें हा माझ्या आईचा कित्येक वर्षांचा परिपाठ. आई आतां ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनें पस्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. निवृत्तीनंतर वाचन हाच तिचा दुसरा संसार झाला. परंतु तीन वर्षांपूर्वीं तिच्या नेत्रपटलाच्या मध्यभागीं म्हातारपणीं होणारा विकार जडला. या विकारांत कडेचें दिसतें, पण ज्या अक्षरावर दृष्टि रोखावी तेंच नेमकें पुसलें जातें. त्याच्या एका प्रकारांत डोळ्यांत ठराविक अंतरानें औषधाची सुई टोंचून घ्यावी लागते. तेवढ्यासाठीं महिन्या-दीड महिन्यानें आम्ही मायलेक मिरजेस जातों.

कळंबा ते मिरज हा प्रवास सर्व मिळून पन्नासांहून अधिक किलोमीटरांचा. शहरांतून बाहेर पडावयाचें, शिरोलीवरून हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा कृष्णेवरील पूल, कीं मिरज. जातांना सुईची धास्ती, येतांना डोळ्याला चुरचूर. या दोन्हीं वेळीं तिला सोबत असे ती नाट्यपदांची, आणि त्याहूनहि अधिक माझ्या धाकट्या मुलीच्या वाचनाची. मुलगी कादंबऱ्यांचीं प्रकरणें मोठ्यानें वाचून आपल्या टेलिफोनमध्यें भरून ठेवी, आणि आजी तीं मोटारींत ऐके. पण अलीकडे वर्ष-दीड वर्ष, स्टीरिओ धडधाकट असतांहि, आई मधूनच म्हणे, “राहूं दे आतां. बंद कर.” मला वाटे, ती थकली. खरें कारण निराळें होतें, आणि तें स्टीरिओ बंद पडल्यावरच कळलें.

घरांत आम्ही या कामासाठीं आठ हजारांची मर्यादा घातली. आठ हजार हा आंकडा ऐकून दुकानदार ज्या तऱ्हेनें हंसतो तें मी पाहिलें आहे. तथापि मोटारींतील गाणें ही कधीं स्वस्ताई नव्हतीच. अमेरिकेंत १९३० सालीं गॅल्व्हिन बंधूंनीं मोटारींत बसणारा रेडिओ ‘मोटोरोला’ या नांवानें विक्रीस आणला, तेव्हां त्याला शंभर डॉलरहून अधिक पडत आणि तेवढ्यांत मोटारीच्या किंमतीचा चांगला लचका तुटे. आपल्याकडे तर १९३३ च्या कायद्यान्वयें रेडिओ बाळगावयास परवाना लागे, आणि त्याची फी पोस्टांत भरण्याचा प्रघात थेट १९८० नंतरच्या दशकापर्यंत चालू होता. त्या मानानें आमचें काम सोपें म्हणावयाचें.

पहिल्या दुकानांत गेलों तों भिंतभर पडदेच पडदे! हल्लीं स्टीरिओ म्हणजे गाणारी पेटी राहिली नसून, मोटारींत बसविलेलें एक लहानसें चित्रपटगृह झालें आहे. विक्रेता तरुण व मोठा आर्जवी. “काका, यावर सगळं दिसतं,” असें तो पुनःपुन्हा सांगे. मला दिसावयास नको होतें, ऐकूं यावयास हवें होतें. शिवाय सतरा वर्षांच्या मोटारींत पंधरा हजारांचा पडदा म्हणजे नाकापेक्षां मोती जड. परंतु पडद्याविरुद्ध सर्वांत मोठें कारण निराळेंच आहे. गुळगुळीत कांचेवर बोट कोठें ठेवावें हें डोळ्यांनींच ठरवावें लागतें. मध्यदृष्टि गेलेल्या माणसाला ती कांच म्हणजे बंद दार. गोल फिरणारी खुंटी मात्र बोटांना सांपडते. ती उजवीकडे फिरविली कीं आवाज वाढतो, एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे. आई पुढच्या आसनावर बसते. तिला आपल्या हातानें आवाज कमीजास्त करतां यावा, ही आमची पहिली अट झाली आणि भिंतीवरचे तीन-चतुर्थांश पडदे एका क्षणांत बाद झाले.

मग उरल्या त्या साध्या, अरुंद पेट्या. यांचें माप जगभर बहुतेक एकच असतें: दर्शनी खांचेची रुंदी सुमारें १८० मिलिमीटर व उंची ५०, दुप्पट उंचीची खांच असेल तर १००. जर्मन मानकावरून या मापाला ‘डिन’ म्हणतात. आपल्या मोटारीची खांच घरींच मोजून न्यावी. मोठ्या खांचेंत लहान पेटी बसवितां येते, उरलेली जागा चौकटीनें झांकतां येते. उलट मात्र होत नाहीं. अलीकडच्या मोटारींत पडदा, वातानुकूलन आणि सुकाणूवरचीं बटणें हीं एकमेकांत इतकीं गुंतविलेलीं असतात कीं तेथें पेटी बदलणें म्हणजे भलतेंच प्रकरण. अशांनीं मूळ पेटी दुरुस्त होते का तें आधीं पाहावें.

प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ असें लिहिलेलें. इतक्या निरनिराळ्या किंमतींच्या पेट्यांची शक्ति एकच कशी, हा संशय मला आला आणि घरीं येऊन कागदावर हिशेब मांडला. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असतां हा दाब १४.४ पर्यंत चढतो. नेहमींचा स्पीकर चार ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७. त्याला चारांनीं भागल्यास येतात सुमारें ५२. म्हणजे बॅटरीचा सगळा दाब क्षणभरहि न उतरवितां स्पीकरवर लादला, तर ५० वॅट भरतात. पण अशा स्थितींत गाणें उरत नाहीं, नुसती खरखर उरते. स्वच्छ स्वर हा लाटेप्रमाणें चढतो-उतरतो, म्हणून त्याच्या वांट्याला याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅटच शक्ति येते, आणि यंत्रांतील तूट वजा जातां हातीं पडतात पंधरा ते वीस. निराळा ॲम्प्लिफायर न जोडलेल्या बहुतेक पेट्यांची ही कथा आहे. खोक्याच्या मागें ‘आर. एम. एस.’ या अक्षरांपुढें जो लहान आंकडा असतो तोच खरा. पुढचा आंकडा केवळ शोभेचा. तेव्हां वॅटांसाठीं अधिक पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं, हें ठरलें.

दुसऱ्या दिवशीं शिवाजी उद्यमनगरांत गेलों. तेथील एका लहानशा गाळ्यांत मोटारींच्या विजेचें काम करणारा एक कारागीर आहे, त्यानें माझें व्याख्यान शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, पेटी ऱ्हाऊ दे बाजूला. आधी भोंगं बघूया की.” त्यानें पुढच्या दाराचें आंतलें आवरण उतरविलें. आंतील स्पीकरची कागदी वाटी ओल खाऊन पिठासारखी झालेली, आणि कडेची फोमची झालर बोट लावतांच गळून पडली. मोटारीच्या दाराच्या पोकळींत पावसाचें पाणी शिरणें हें ठरलेलेंच. तें खालच्या छिद्रांतून निघून जावें आणि मधल्या प्लॅस्टिकच्या कागदानें आंत येऊं नये अशी योजना असते. आमचा तो कागद पूर्वीं केव्हां तरी कोणीं फाडला होता. कोल्हापूरचा पाऊस आणि फाटका कागद! दुसऱ्या दाराच्या स्पीकरला त्यानें दीड व्होल्टच्या साध्या सेलच्या दोन तारा क्षणभर टेंकविल्या. चांगला स्पीकर अशा वेळीं स्पष्ट ‘टक्’ असा बोलतो. आमचा कसनुसा खुडखुडला.

तेव्हां उलगडा झाला. आई थकली नव्हती. तिला शब्द लागत नव्हते, आणि नातीचें वाचन कळत नाहीं हें सांगणें तिच्या जिवावर येत होतें.

वृद्ध माणसाच्या कानाविषयीं आपली एक चुकीची समजूत असते. कमी ऐकूं येतें म्हणून आवाज मोठा करावा, असें आपण धरून चालतों. वस्तुतः वयानें जी श्रवणशक्ति प्रथम जाते ती उंच स्वरांची. आणि भाषेंतील स्वरांचा जोर खालच्या पट्टींत असला, तरी स, श, च, त, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश बराचसा वरच्या पट्टींत, सेकंदाला दोन हजार कंपनांच्याहि वर असतो. त्यामुळें म्हाताऱ्या माणसाला ‘कोणी बोलत आहे’ हें ऐकूं येतें, ‘काय’ तें कळत नाहीं. त्यांत मोटारीची व रस्त्याची घरघर खालच्या पट्टींतली, ती उरलेलें झांकून टाकते. आईजवळ श्रवणयंत्र आहे, पण मोटारींत तें घरघरहि मोठी करून ऐकवितें म्हणून ती काढून ठेवते. अशा कानाला दणदणीत ठेका देणें म्हणजे बहिऱ्यापुढें ढोल बडविणें. आणि बाजारांतला सगळा जोर मात्र त्या ठेक्यावर!

म्हणून आम्ही पैशांची वांटणी उलटी केली. पेटीवर ३,६०० रुपये; तींत खुंटी, पेनड्राइव्ह लावण्याची सोय व ब्लूटूथ एवढेंच पाहिलें. पुढच्या दारांच्या स्पीकरांच्या जोडीवर २,६००. तारांची जोडपट्टी ४००, दर्शनी चौकट ३५०, मजुरी व दोन्हीं दारांचे नवे प्लॅस्टिकचे कागद मिळून ६००. पेनड्राइव्हचे ४००. एकूण ७,९५०. मागचे स्पीकर बदललेच नाहींत. मागें बसतें कोण? निराळा ॲम्प्लिफायरहि नको म्हटलें, कारण चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला करण्याची आमची तयारी नव्हती.

स्पीकर घेतांना वॅटांपेक्षां त्याची संवेदनक्षमता पाहावी. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटरवर आवाज किती, तें डेसिबलमध्यें लिहिलेलें असतें. ८७ ऐवजीं ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर या तीन डेसिबलांची किंमत पेटीची शक्ति दुप्पट केल्याइतकी होते, आणि तीहि एक पै न खर्चितां. मोठ्या वाटीच्या मध्यभागीं उंच स्वरांसाठीं जी बारीकशी टोपी असते ती आम्हांला विशेष महत्त्वाची होती. दुकानदार नेहमीं आपलें एखादें धडाक्याचें गाणें लावतो, आणि त्यावर सर्वच स्पीकर गोड वाटतात. मी मुलीच्या वाचनाचा एक तुकडा बरोबर नेला होता. आवाज अगदीं हळू ठेवून तोच तीन जोड्यांवर ऐकला. दोन जोड्यांवर ती पोतडींत तोंड घालून वाचीत होती. तिसरीवर आमच्या माजघरांत बसून. तिसरी जोडी तिहींत मधल्या किंमतीची निघाली.

बसविण्याच्या कामांत एकच आग्रह धरावा. मूळ तारा तोडूं देऊं नयेत. मोटारीच्या जोडणीला व नव्या पेटीला जुळणारी तयार जोडपट्टी थोड्या पैशांत मिळते. ती न वापरतां तारा कापून पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणारे पुष्कळ आहेत, आणि पुढें जी आग किंवा बिघाड होतो त्याचें मूळ बहुधा तेथेंच असतें. नव्या पेटीची पिवळी तार बॅटरीशीं कायमची, तांबडी किल्लीबरोबर चालूबंद होणारी, काळी मोटारीच्या अंगाशीं. पिवळी-तांबडींची अदलाबदल झाली तर पेटी रोज सगळें विसरते, आणि कित्येकदां बॅटरीहि उतरते. चोरबाजारांतील स्वस्त पेट्यांचा मोहहि नको: कित्येक पेट्या एकदां वीज तुटली कीं सांकेतिक अंक विचारतात, आणि तो अंक मूळ मालकालाच ठाऊक! सिगरेटच्या खोबणींत खोंवून टेलिफोनचा आवाज रेडिओवर आणणारी चारपांचशें रुपयांची क्लृप्तीहि मीं करून पाहिली होती. तिला ज्याचा रेडिओ शाबूत आहे त्यानें हात लावावा, आणि तरीहि कोल्हापुरांत मोकळी असलेली जागा सांगलीच्या वाटेवर दुसऱ्या केंद्रानें अडवलेली निघते.

सगळें जमल्यावर कारागिरानें माझ्या सांगण्यावरून ठेका दोन घरें खालीं आणला, उंच स्वर दोन घरें वर नेला, आणि तोल आईच्या आसनाकडे झुकविला. मला चालकाच्या जागीं आवाज किंचित् किरटा वाटला. पण ऐकणार मी नव्हतों.

श्रावणांतल्या फेरीस निघालों. शिरोली मागें पडेपर्यंत आई कांहीं बोलली नाहीं. खुंटी कोठें आहे तें मीं तिचा हात धरून दाखविलें होतें. तिनें ती दोनदां पुढेंमागें फिरवून पाहिली आणि थोडी खालींच ठेवली. मुलगी वाचीत होती. पाऊस होता, कांचेवरचे पुसणारे हात चालू होते. हातकणंगल्याच्या अलीकडे आईनें एकदम मान वळविली.

“घरीं गेल्यावर पोरीला सांग,” ती म्हणाली, “‘चांदणें’ म्हणतांना ‘च’ ‘चाका’मधला असतो. ती ‘चंद्रा’मधला म्हणते. दोनदां म्हणाली.”