काडतुसांचा अडकित्ता

अमेरिकेतल्या जुन्या बाजारात गंजक्या पान्यांच्या ढिगात कधी कधी एक अवजार हाती लागते. दोन लांब दांडे, मध्ये खीळ. पाहणाऱ्याला थेट आपला अडकित्ताच वाटावा. पण यात सुपारी कातरत नसत. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी यात धरून ती पुन्हा भरत.

काडतुसात सर्वांत महाग काय, तर पितळी पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, पुंगळी मात्र शाबूत राहते. १८६६ साली अमेरिकेत हिरॅम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी पुंगळीच्या बुडात मधोमध बसणाऱ्या टोपीची पेटंटे घेतली. गंमत अशी, की अमेरिकेने पुढे इंग्रजाची टोपी उचलली आणि युरोपने अमेरिकनाची! बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच भोक असते. आतून टोचणी दाबली की जळकी टोपी बाहेर. दुकानापासून कोसोन्‌कोस दूर राहणाऱ्या शिकाऱ्याला आणखी काय हवे? शेकोटीवर शिसे वितळवावे, साच्यात गोळ्या ओताव्यात, दारू मापून भरावी आणि दांडे आवळावेत.

आज ही अवजारे जमवणारे हौशी लोक आहेत, आणि नवखा बहुधा फसतो तो तारखेला. विंचेस्टर कंपनीच्या एका अवजारावर २० ऑक्टोबर १८७४ ही तारीख असते. ती पेटंटची, अवजार त्यानंतर कधीही बनलेले असू शकते. आजीच्या पितळी डब्यावरची तारीख तो भेट दिल्याची असते, घडवल्याची नव्हे, तसेच हे. मात्र ७ नोव्हेंबर १८८२ ही तारीख कोरलेली असली, तर अवजार त्याआधीचे नाही, एवढे निश्चित.

तारखेपेक्षा नाव अधिक बोलते. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये न्यू हेवन इथे ‘आयडियल’ कंपनी काढली. ती १९१० मध्ये मार्लिनकडे गेली, मध्ये आणखी एक मालक झाला आणि १९२५ मध्ये मिडलफील्डच्या लायमन कंपनीने ती घेतली. लायमनने ‘आयडियल’ हे नाव सोडले नाही; म्हणून केवळ त्या शब्दावर न भुलता गावाचे नाव वाचावे. कंपनीच्या जुन्या माहितीपुस्तिका जवळ असल्या, की चित्राशी चित्र ताडून पाहता येते.

किंमत ठरते ती काडतुसाच्या मापावर. .४४-४० हे माप विंचेस्टरच्या १८७३ च्या बंदुकीत चाले, पुढे कोल्टच्या पिस्तुलातही चालू लागले. साहजिकच त्याची अवजारे मुबलक. क्वचित वापरल्या गेलेल्या मापाचे अवजार, जोडीचा साचा आणि मूळ खोका असा संच मिळाला तर भाव वेगळाच. वारसांनी मात्र कौतुकाने पॉलिश कागद घेऊन बसू नये. घासण्यात पहिली जातात ती कोरीव अक्षरे, आणि मग ते लोखंड कुणाचे, केव्हाचे, हे सांगायला काहीच उरत नाही.

आपल्याकडे शिकारीचा शौक असलेल्या घराच्या माळ्यावर असे काही सापडले, तर एक लक्षात ठेवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. विकण्याआधी वा कुणाला देण्याआधी परवाना देणाऱ्या कचेरीत विचारावे. आणि डब्यात जुन्या टोप्या वा दारू असेल तर हात न लावता पोलिसांना कळवावे.