युद्ध आणि राज्यसंस्था : रोमचे प्रजासत्ताक व मराठी राज्य

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या वसाहतीचे नाव झाशीच्या राणीचे स्मरण करून देते. राणीचे नाव 1857 च्या संग्रामाशी जोडले जाते. परंतु झाशीचे संस्थान मुळात उत्पन्न कसे झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांतून तेथे सुभेदारी आली आणि तिचेच पुढे वंशपरंपरागत संस्थान झाले. युद्धाच्या निकडीतून निर्माण झालेला अधिकार युद्ध संपल्यावरही टिकतो व राज्याचे रूप पालटतो. या प्रक्रियेचे सर्वपरिचित उदाहरण प्राचीन रोमचे आहे.

रोमन प्रजासत्ताकातील शतकसभा ही मुळात शस्त्रधारी नागरिकांची सभा होती. तिची 193 शतके मालमत्तेनुसार, म्हणजेच शस्त्रे बाळगण्याच्या ऐपतीनुसार, विभागलेली असत. कॉन्सलपदाची मुदत एक वर्षाची होती. इ.स.पू. 326 मध्ये नेआपोलिसचा वेढा अपुरा असतानाच पुब्लिलियस फिलो याची मुदत संपत आली, तेव्हा त्याची सत्ता वाढविण्यात आली. एका वेढ्यापुरती काढलेली ही वाट पुढे प्रांतांच्या कारभाराची रूढ पद्धती झाली. इ.स.पू. 107 मध्ये मारियसने मालमत्ताहीनांनाही सैन्यात घेतले; असे सैनिक जमिनीच्या आशेने राज्यापेक्षा सेनापतीकडे पाहू लागले. इ.स.पू. 49 मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, ती अशाच वाढीव मुदतीच्या अधिकारात आणि अशाच सैन्याच्या बळावर.

मराठी राज्याचा आरंभ या धोक्याच्या जाणिवेतून झालेला दिसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे राजारामाच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत शिवकालीन व्यवस्थेचे वर्णन आहे. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी असत, जेणेकरून किल्ला एकाच्या हाती जाऊ नये. पागेत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, अशी उतरंड होती. मोबदला शक्यतो रोख दिला जाई. अष्टप्रधानांपैकी पंडितराव व न्यायाधीश वगळता इतरांना प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. मुलकी व लष्करी असा भेद येथेही नव्हता.

1689 मध्ये संभाजीराजांचा वध झाला आणि रायगड पडला. राजाराम जिंजीस गेले. खजिना रिकामा होता. मोगलांकडून वतनांची आमिषे दाखविली जात असताना सरदारांना राखण्यासाठी वतने व सरंजाम देण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. प्रतिनिधी हे नवे पदही याच संकटातून जन्मले. राज्य वाचले, परंतु ज्या साधनाने ते वाचले त्यानेच त्याची घडण बदलली. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यानंतर चौथाईचा मोठा हिस्सा मोकासा म्हणून सरदारांकडे राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटेल : संस्थांचे वर्णन कोण, केव्हा व कोणासाठी करतो? पॉलिबियस हा रोममध्ये ओलीस म्हणून आलेला ग्रीक होता. आपल्या इतिहासाच्या सहाव्या ग्रंथात तो रोमची राज्यघटना व सैन्याची छावणी यांचे वर्णन सलग करतो, कारण रोमच्या विजयाचे कारण त्याला संस्थांत दिसते. सभासदही पराक्रमाच्या कथनात मध्येच व्यवस्थेचे तपशील देतो. मात्र तो लिहितो ते ती व्यवस्था मोडत असताना. रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाणारे 1715 च्या सुमाराचे आज्ञापत्र या दोहोंहून वेगळे आहे. जिंजीच्या काळात महाराष्ट्रातील कारभार ज्यांनी सांभाळला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ वतनदारांविषयी व वृत्तिदानाविषयी राजाला सावध करतो. हा उपदेश अनुभवातून आलेला असल्याने त्याच्या नीतिपर भाषेमागे पश्चात्तापाची छटा जाणवते. पॉलिबियस यशाचे कारण शोधतो, सभासद हरपत चाललेले जतन करतो, तर आज्ञापत्र यशाची किंमत मोजते.

ती किंमत झाशीतही दिसते. 1817 च्या तहात इंग्रजांनी तेथील सत्ता वंशपरंपरेने मान्य केली आणि 1853 मध्ये गंगाधरराव निवर्तल्यावर त्याच वंशपरंपरेचा मुद्दा काढून, दत्तक नामंजूर करून, 1854 मध्ये संस्थान खालसा केले. राणीचा लढा ज्या हक्कासाठी सुरू झाला, त्याचे मूळ अशा रीतीने मोहिमेतून निर्माण झालेल्या एका अधिकारपदात होते.