रुस्ताकचे ऊन पाणी आणि वीज

मस्कतहून सुट्टीच्या दिवशी रुस्ताकला ऐन अल कस्फा झऱ्यावर गेलेल्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : एवढे फुकटचे गरम पाणी, मग त्यावर वीज का करत नाहीत?

या पाण्याचे तापमान सुमारे ४५ अंश सेल्सिअस आहे. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. हजर पर्वतावरचा पाऊस चुनखडीच्या भेगांतून खोल मुरतो. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. तेव्हा विहिरीच्या पाण्याहून पंधराएक अंश जास्त तापायला पाणी निदान अर्धा किलोमीटर खाली जाऊन यायला हवे. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांचीही कथा मुळात हीच, मात्र उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते.

वीज मिळते ती तापमानातल्या फरकातून. अलास्कात चेना येथे २००६ साली ७४ अंशांच्या पाण्यावर वीजकेंद्र सुरू झाले, कारण यंत्र निववायला तिथे अगदी गार पाणी हाताशी होते. रुस्ताकला हवा २५ अंश धरली तरी आदर्श यंत्रसुद्धा उष्णतेच्या जेमतेम सहा टक्के वीज देईल; आणि उन्हाळ्यात तर हवाच पाण्याची बरोबरी करते! तेव्हा हे पाणी स्नानाला आणि फलजमधून बागांना जाते, तेच ठीक.

माझ्या मते ओमानची खरी नवलाई गरम नसलेल्या झऱ्यांत आहे. समाईलकडचे काळपट तपकिरी डोंगर पेरिडोटाइटचे. हा खडक एरवी समुद्रतळाच्याही कित्येक किलोमीटर खाली असतो. त्यात पाणी मुरले की खडकातले लोह पाण्यातला ऑक्सिजन घेते, म्हणजे एक प्रकारे गंजते, आणि हायड्रोजन मोकळा होतो. हा हायड्रोजन म्हणजे इंधनच. नील आणि स्टँगर या शास्त्रज्ञांनी १९८३ सालीच त्याविषयी लिहिले होते. उरलेले पाणी कॅल्शियमयुक्त आणि कमालीचे अल्कधर्मी होते, पीएच ११ ते १२. थोडक्यात, चुन्याची निवळी. (मुलांना त्यात खेळू देऊ नये.) हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यावर पांढरी साय धरते.

ही दगड बनण्याची क्रिया जमिनीखाली घडवण्यासाठी २०२० साली ओमानमध्ये '४४.०१' ही कंपनी निघाली. नावातला आकडा कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार. खडकात पाणी सोडून हायड्रोजन मिळवण्याचे प्रयोगही झाले आहेत. अडचण वेगाची आहे. निसर्ग हे काम लाखो वर्षे सावकाश करत आला आहे, आणि कारखान्याला ते काही वर्षांत व्हायला हवे.